डेउस एक्स: संवाद अर्ध्यावर तुटतात, गेम पळत सुटतो, सेटिंग टिकत नाही, काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. लिबर्टी आयलंडच्या धक्क्यावर गेमचा नायक जेसी डेंटन उतरतो, भाऊ पॉल बोलायला लागतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं वाक्य सुरू होतं. बेटावर मोकळ्यात फिरताना सगळं ठीक वाटतं, पण युनॅटको या दहशतवादविरोधी संघटनेच्या मुख्यालयात शिरलं की माणसं घाईघाईत चालतात आणि बोलणं पुन्हा तुटायला लागतं. सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमध्ये कुठलीशी ओळ बदलली की दोन-चार दिवस बरं चालतं. मग नवा मॉनिटर येतो, ड्रायव्हर बदलतो किंवा स्टीमवर फाइली तपासून घेतल्या जातात, आणि तोच त्रास परत.

हे सगळं २००० साली आयन स्टॉर्मच्या ऑस्टिन स्टुडिओने काढलेल्या मूळ गेमबद्दल आहे. २०११ चा ह्यूमन रेव्होल्यूशन आणि २०१६ चा मॅनकाइंड डिव्हायडेड वेगळ्या इंजिनांवर आहेत. त्यांना यातलं काही लागू होत नाही. स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांत मिळते ती गेम ऑफ द इयर आवृत्ती, म्हणजे १११२एफएम पॅच आधीच बसवलेली. जुन्या सीडीवरून टाकलं असेल तर आधी तो पॅच बसवा, मग पुढे वाचा. खाली फाइलींची आणि ओळींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहिलेली सापडतील.

आधी गेम कुठली फाइल वाचतो ते शोधा

निम्म्याहून जास्त वेळ इथेच वाया जातो. माणूस सिस्टिम फोल्डरमधली डेउसएक्स.आयएनआय उघडतो, ओळ बदलतो, सेव्ह करतो, आणि गेममध्ये काहीच फरक नाही. मग ओळ चुकीची होती असं समजून दुसरा उपाय, तिसरा उपाय. ओळ बरोबर असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झालेला असतो. एकाच गेमच्या आयएनआय फाइली कॉम्प्युटरवर तीन ठिकाणी असू शकतात:

- गेमच्या फोल्डरमधलं सिस्टिम फोल्डर. स्टीमवर हे स्टीमॲप्स, कॉमन, डेउस एक्स, सिस्टिम या वाटेने सापडतं.
- डॉक्युमेंट्समधलं डेउस एक्स फोल्डर. केंटी नावाच्या प्रोग्रॅमरने बनवलेला लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) वापरत असाल आणि त्यात सेटिंग व सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये ठेवण्याचा पर्याय चालू असेल तर खरी फाइल इथे असते.
- व्हर्च्युअलस्टोअर. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकला असेल आणि त्याला तिथे लिहायची परवानगी नसेल, तर विंडोज गुपचूप वेगळी प्रत करतं. ती यूजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात असते. ॲपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळे ते पटकन दिसत नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. गेम सुरू करा, आवाजाची पातळी थोडी बदला, मेन्यूतून नीट बाहेर पडा. आता तिन्ही ठिकाणी जाऊन डेउसएक्स.आयएनआयची शेवटच्या बदलाची वेळ बघा. जिची वेळ आत्ताची, ती चालू फाइल. पुढचे सगळे बदल तिथेच करायचे.

व्हर्च्युअलस्टोअरचा घोळ कायमचा मिटवायचा तर गेम प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर हलवा. सी किंवा डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं साधं फोल्डर पुरेसं आहे. नावात देवनागरी अक्षरं किंवा चिन्हं टाळलेली बरी. एवढा जुना प्रोग्रॅम अशा वाटेवर अडखळला तर कारण शोधणं जिकिरीचं होतं. स्टीम आपल्या फोल्डरला लिहायची परवानगी आधीच देऊन ठेवतं, म्हणून हा त्रास तिथे सहसा दिसत नाही. प्रत्येक वेळी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं हाही उपाय सांगितला जातो, पण मग एकदा साधं आणि एकदा ॲडमिन म्हणून चालवलं की दोन वेगळ्या फाइली आणि सेव्हचे दोन वेगळे संच तयार होतात. त्यापेक्षा फोल्डर हलवणं बरं.

गेम चालू असताना आयएनआय बदलू नका. बाहेर पडताना गेम स्वतःच्या डोक्यातली सेटिंग्ज फाइलवर लिहितो आणि तुमचा बदल पुसला जातो. यावर काही जण फाइल रीड-ओन्ली करून ठेवतात. त्याने बदल टिकतो हे खरं, पण मग मेन्यूतून केलेलं कुठलंच सेटिंग टिकत नाही, आणि सहा महिन्यांनी आपणच ती फाइल रीड-ओन्ली केली होती हे कुणालाच आठवत नाही.

फाइल पार बिघडली असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि गेम सुरू करा. डिफॉल्ट.आयएनआयवरून नवी डेउसएक्स.आयएनआय आणि डेफयूजर.आयएनआयवरून नवी यूजर.आयएनआय आपोआप तयार होते. या दोन मूळ फाइलींना मात्र हात लावू नका.

वेग: खरं दुखणं इथे आहे

गेम अनरियल इंजिनच्या पहिल्या पिढीवर उभा आहे. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर काढलेल्या प्रत्येक चित्राला, इंजिन विचारतं, मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला, आणि तेवढ्या वेळापुरतं जग पुढे सरकवतं. २००० सालच्या मशिनवर सेकंदाला ३० ते ६० फ्रेम म्हणजे चंगळ होती. ६० फ्रेमला वेळेचा एक तुकडा साधारण १६.७ मिलिसेकंदांचा पडतो. आजचं साधं ग्राफिक्स कार्डसुद्धा बंद खोलीत ५०० च्या वर फ्रेम काढतं, म्हणजे तुकडा २ मिलिसेकंदांहून लहान. इतक्या बारीक तुकड्यांचा हिशोब या इंजिनाला झेपत नाही, आणि गेमचं घड्याळ खऱ्या घड्याळाच्या पुढे धावू लागतं.

आवाजाची फाइल मात्र साउंड कार्डावर खऱ्या वेळेनेच वाजते. वाक्य किती सेकंदांचं आहे हे गेमला माहीत असतं आणि तेवढी सेकंदं तो स्वतःच्या घड्याळावर मोजतो. घड्याळ पुढे गेलेलं, वाक्य मागे राहिलेलं. गेम वाक्य कापतो आणि पुढच्यावर जातो. म्हणून संवाद तुटणं हा आवाजाचा बिघाड वाटतो, पण साउंड ड्रायव्हर बदलून काही होत नाही.

बाहेर ठीक आणि आत बिघाड, याचं कारणही हेच. लिबर्टी आयलंडवर दूरवरचं बरंच काही काढावं लागतं, फ्रेम कमी पडतात. युनॅटकोचा प्रमुख मॅन्डरली याच्या ऑफिसात चार भिंती आणि एक टेबल, तिथे फ्रेमचा आकडा वर उसळतो. बंद खोलीत गेम पळतो आणि मोकळ्यात शांत होतो असं दिसलं, तर दुसरं काही तपासायच्या आधी फ्रेमवर मर्यादा घाला.

आकडा बघायचा असेल तर गेममध्ये टी दाबा. खाली 'से' असा शब्द येतो, तो बॅकस्पेसने पूर्ण पुसा, टाइमडेमो आणि मधे जागा सोडून १ टाइप करा, एंटर. पडद्यावर फ्रेमचा आकडा येतो. बंद करायला १ च्या जागी ०.

मर्यादा किती? ६० ठेवली की निवांत. १२० ला बहुतेक ठिकाणी चालतं आणि माउस जास्त हलका वाटतो, पण संवाद तुटताना दिसले की लगेच ६० वर या. १२० च्या वर जायचा मोह टाळा. ३० वर नेलं तर गेमला हरकत नाही, नेम धरणाऱ्याला आहे.

आता ही मर्यादा घालायची कुठे, यावरच उपाय टिकणं न टिकणं अवलंबून असतं. सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय म्हणजे व्ही-सिंक चालू करा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर तो चालायचा, कारण व्ही-सिंक फ्रेमला मॉनिटरच्या वेगाशी बांधतं. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा पडदा असेल तर तेच व्ही-सिंक गेमला १४४ किंवा १६५ वर बांधतं, आणि तुम्ही परत जिथल्या तिथे. नवा गेमिंग लॅपटॉप घेतल्यावर जुना गेम अचानक बिघडतो तो यामुळे. व्ही-सिंकवर विसंबू नका, थेट आकडा द्या:

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये थ्रीडी सेटिंग्जच्या पानावर प्रोग्रॅमनिहाय यादीत गेमची ईएक्सई (गेम सुरू करणारी फाइल) जोडा आणि मॅक्स फ्रेम रेट ६० करा. जागतिक सेटिंगमध्ये करू नका, नाहीतर बाकीचे गेमही ६० वर येतील आणि दोष भलत्यालाच लागेल. रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्येही गेमनिहाय फ्रेमची मर्यादा मिळते. दोन्ही नको असतील तर रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर हा छोटा प्रोग्रॅम कुठल्याही कार्डावर तेच काम करतो.

रेंडरर म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा गेमचा भाग. डी३डी९ रेंडरर वापरत असाल तर डेउसएक्स.आयएनआयमध्ये त्याच्या नावाचा विभाग असतो. त्यातली फ्रेमरेटलिमिट ही ओळ ६० करा. ० म्हणजे मर्यादा नाही. केंटीच्या लाँचरमध्ये फ्रेम मर्यादेचा रकाना थेट समोरच दिसतो.

एकाच ठिकाणी मर्यादा घाला. ड्रायव्हरमध्ये ६०, रेंडररमध्ये १००, वर व्ही-सिंक असं तिहेरी करून ठेवलं की फ्रेम हिसके देत चालतात, आणि कोणतं बंद करायचं ते कळत नाही. आणखी एक: ड्रायव्हरमधली मर्यादा ईएक्सईच्या नावाला चिकटलेली असते. रिव्हिजनसारखा मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल, स्वतःच्या वेगळ्या ईएक्सईने चालतो. मूळ गेमसाठी केलेलं सेटिंग त्याला लागत नाही, तिथे पुन्हा करावं लागतं. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर आधी विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेम कुठल्या चिपवर चालतोय ते बघा. गेम इंटेलच्या चिपवर चालत असेल तर एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये कितीही आकडे लिहा, त्याला त्याचा पत्ता नसतो.

स्टीम डेकवर हे काम सोपं आहे. उजवीकडच्या मेन्यूत फ्रेम मर्यादा ६० करा. जुन्या एलसीडी डेकचा पडदा ६० हर्ट्झचा, ओलेडचा ९० चा. ओलेडवर ही पायरी विसरू नका.

मर्यादा घालूनही पळत असेल तर

मग दुसरं कारण बघा. सुरू होताना इंजिन प्रोसेसरचा वेग मोजतं आणि पुढे त्याच मापाने वेळ काढतं. पहिल्या पिढीच्या दोन कोअरच्या प्रोसेसरांवर प्रत्येक कोअरचा मोजणीचा आकडा वेगळा असायचा, शिवाय वीज वाचवायला प्रोसेसर वेग कमी-जास्त करायचा. त्यामुळे गेम कधी धावायचा, कधी झटके खायचा. नव्या प्रोसेसरांवर हा त्रास बराच कमी आहे, पण घरातला जुना डेस्कटॉप खास या गेमसाठी बाहेर काढला असेल तर संशय इथेच घ्या.

सिस्टिम फोल्डरमधली डेउसएक्स.लॉग उघडा. सुरुवातीच्या ओळींत सीपीयू स्पीड असं लिहून मेगाहर्ट्झमध्ये आकडा असतो. तुमच्या प्रोसेसरच्या खऱ्या वेगापेक्षा तो फारच कमी दिसला, तर मोजणीच्या वेळी प्रोसेसर झोपेत होता आणि नंतर जागा झाला असा अर्थ. विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा आणि गेम पुन्हा सुरू करा.

झटके थांबत नसतील तर गेमला एकाच कोअरवर बांधा. गेम चालू असताना आल्ट-टॅबने बाहेर या, टास्क मॅनेजर, डिटेल्स, गेमच्या नावावर राइट क्लिक, सेट ॲफिनिटी, आणि एक सोडून सगळ्या खुणा काढा. हे त्या खेपेपुरतंच टिकतं, पुढच्या वेळी परत करावं लागतं. केंटीच्या लाँचरमध्ये हा पर्याय कायमचा चालू ठेवता येतो, आणि तो लाँचर वापरावा याचं हे एक चांगलं कारण आहे.

लाँचर बसवायची रीत: सिस्टिम फोल्डरमधल्या मूळ डेउसएक्स.ईएक्सईचं नाव बदलून ठेवा आणि लाँचरची त्याच नावाची ईएक्सई तिच्या जागी टाका. स्टीमवरून सुरू केलं तरी मग लाँचरच चालतो. ठेच इथे लागते: स्टीमवर फाइलींची तपासणी केली की स्टीम मूळ ईएक्सई परत आणून ठेवतं आणि तुमचा लाँचर उडतो. त्याच्याबरोबर फ्रेम मर्यादा, एका कोअरची अट, डॉक्युमेंट्समधलं सेव्हचं फोल्डर, सगळंच एकदम नाहीसं झाल्यासारखं वाटतं. सेव्ह गेलेली नसतात. मूळ ईएक्सई दुसऱ्या फोल्डरात शोधत असते. लाँचरची ईएक्सई परत जागेवर ठेवली की सगळं दिसतं.

डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलेलं असेल तर लाँचरमधला डॉक्युमेंट्सचा पर्याय बंद ठेवलेला बरा. गेम सेव्ह लिहीत असताना वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवू पाहतं, आणि या ओढाताणीत सेव्ह अर्धवट राहू शकतं.

रेंडरर

गेमबरोबर आलेला डायरेक्ट थ्रीडी रेंडरर त्या काळच्या डायरेक्टएक्सवर लिहिलेला आहे. आजच्या विंडोजवर तो चालला तर चालला. अंधारलेला पडदा, भिंतींवर चमकणाऱ्या रेघा, आल्ट-टॅब केल्यावर कोसळणं हे त्याचे नेहमीचे प्रताप. त्याला ठाकठीक करत बसू नका, बदलून टाका. दोन पर्याय आहेत, डी३डी९ आणि केंटीचा डी३डी१०.

डी३डी९ साठी त्याची डीएलएल आणि आयएनटी अशा दोन फाइली सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायच्या. मग आयएनआयच्या इंजिन.इंजिन विभागात गेमरेंडरडिव्हाइस या ओळीत आधीचं नाव काढून डी३डी९ड्रव्ह.डी३डी९रेंडरडिव्हाइस लिहायचं. डी३डी१० मध्ये या दोन फाइलींखेरीज शेडरचं एक फोल्डर येतं. डीएलएल टाकली आणि फोल्डर राहून गेलं, ही इथली ठरलेली चूक; पडदा काळा राहतो किंवा गेम उघडताच बंद होतो. फोल्डर आहे तरी तेच होत असेल तर मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम बसवा. विंडोज ११ असलं तरी तो वेगळा बसवावा लागतो. नव्या डायरेक्टएक्समध्ये ते जुने तुकडे नसतात.

त्याच फाइलीत विनड्रव्ह.विंडोजक्लायंट विभागात फुलस्क्रीनव्ह्यूपोर्टएक्स आणि वाय यांत पडद्याचं माप लिहा, उदाहरणार्थ १९२० आणि १०८०. फुलस्क्रीनकलरबिट्स १६ असेल तर ३२ करा. आकाशात आणि धुरात पट्टे दिसतात ते या १६ मुळे.

खिडकीत चालवताना ब्राइटनेसची पट्टी हलवून काही फरक पडत नाही अशी तक्रार येते. जुने रेंडरर पूर्ण मॉनिटरचा गॅमा बदलून उजेड वाढवतात, आणि ते खिडकीत लागू होत नाही. डी३डी१० हा हिशोब स्वतः करतो, तो वापरा. गेम मुळातच रात्रीचा आहे. थोडा अंधार आहे तसा असू द्या.

लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल आणि गेमचा वरचा डावा कोपराच पडदाभर दिसत असेल, तर ईएक्सईच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग्ज इथे जाऊन स्केलिंग ॲप्लिकेशनकडे सोपवा. त्याच पानावर विंडोज ९८ किंवा एक्सपी मोड निवडायचा मोह होतो. निवडू नका. या गेमला त्याची गरज नाही, आणि नंतर एखादी अडचण आली तर तीत एक जादा संशयित वाढतो.

गेम कोसळल्यानंतर पुढच्या वेळी सेफ मोड वगैरे विचारणारी खिडकी येते. सुरू होताना गेम रनिंग.आयएनआय नावाची फाइल करतो आणि नीट बंद झाला की पुसतो. कोसळला तर ती मागे राहते, आणि तिच्यावरून गेम ओळखतो. तिथे घाईत सेटिंग रीसेट करणारा पर्याय दाबलात तर रेंडररपासून सगळं पुन्हा करावं लागेल. साधं सुरू करा, किंवा ती फाइल पुसून टाका.

दृष्टीचा कोन

मूळ कोन ७५ अंश आहे आणि तो ४:३ पडद्यासाठी धरलेला. रुंद पडद्यावर तोच ठेवला तर वरचं-खालचं दृश्य कापलं जातं, नळीतून बघितल्यासारखं वाटतं, आणि काहींना त्याने मळमळतं. उभा कोन तेवढाच राखून हिशोब केला तर १६:१० ला ८५, १६:९ ला ९१ आणि २५६० बाय १०८० सारख्या लांबट पडद्याला १०७ अंश येतात. यूजर.आयएनआयच्या इंजिन.प्लेअरपॉन विभागात डिझायर्डएफओव्ही आणि डिफॉल्टएफओव्ही या दोन्ही ओळींत तोच आकडा लिहा. एकच बदलली तर दुर्बीण लावून काढल्यावर कोन मागे फिरतो. लाँचरनेही कोन बसवला आणि रेंडररनेही, असं होऊ देऊ नका, एकावरच सोपवा. कोन वाढला की हातातल्या बंदुकीचा मागचा तुटका भाग दिसू लागतो. तो बिघाड नव्हे. मॉडेल तिथपर्यंत बनवलेलंच नाही.

सेव्ह, आणि जे बिघाड वाटतं पण नाही

हा गेम वाटेत आपोआप सेव्ह करत नाही. क्विकसेव्हची जागा एकच, नवीन क्विकसेव्ह जुन्यावर चढतं. सेव्ह फोल्डरमध्ये प्रत्येक सेव्हचं स्वतंत्र फोल्डर असतं. त्यात सेव्हइन्फो.डीएक्सएस, आणि त्या मोहिमेत तुम्ही फिरलेल्या प्रत्येक नकाशाची एक डीएक्सएस फाइल. म्हणून एका मोहिमेत जितके नकाशे पालथे घालाल तितकं सेव्ह जड होतं. प्रत ठेवायची तर पूर्ण फोल्डर उचला. एखादी डीएक्सएस सुटली तर ते सेव्ह उघडत नाही किंवा उघडून अर्धवट वागतं.

मूळ गेमचं सेव्ह रिव्हिजन किंवा जीएमडीएक्स या मॉडमध्ये चालत नाही, उलटही नाही. सेव्हमध्ये गेमच्या कोड पॅकेजांचे संदर्भ असतात आणि मॉड तीच पॅकेजं बदलतो. त्यामुळे खेळ अर्ध्यावर असताना मॉड चढवू नका. नव्या खेळीच्या आधी मॉड बसवा, फ्रेम मर्यादा त्याच्या ईएक्सईला लावा, त्याची स्वतःची आयएनआय तपासा, आणि मगच सुरू करा.

निवडीचे क्षण गेम झेंड्यांच्या रूपात सेव्हमध्ये लिहून ठेवतो: कोण मेलं, कोण जिवंत, कुठलं बोलणं झालं. एकदा लिहिलेला झेंडा पुढच्या मोहिमांतही वाचला जातो, म्हणून परिणाम दिसायला दोन-तीन तास लागतात आणि तोवर क्विकसेव्ह पुसलेलं असतं. विमानतळावर लेबेदेव्ह या बंडखोर नेत्याच्या विमानात चढण्याआधी, न्यूयॉर्कच्या हॉटेलात पॉलच्या खोलीत शिरण्याआधी आणि एरिया ५१ च्या शेवटच्या भागात उतरण्याआधी वेगळ्या नावाचं सेव्ह करून ठेवा.

या ठिकाणच्या बऱ्याच तक्रारी बिघाडाच्या नसतातच. हॉटेलवर छापा पडतो तेव्हा खिडकीतून निसटलात तर पॉल मरतो. पुढे तो भेटत नाही यात सेव्हचा काही दोष नाही. विमानात लेबेदेव्हला मारायला तुम्ही नकार देऊन रेंगाळलात तर तुमची सहकारी ॲना नव्हारे ते काम स्वतः उरकते. मुख्यालयातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात डोकावलात तर मॅन्डरली नंतर सुनावतो, ते वाक्य भलत्या जागी वाजलेलं नाही. सुरुवातीला बंदुकीचा नेम बराच वेळ हलत राहतो तो माउसचा उशीर नव्हे: ते कौशल्य अजून खालच्या पातळीवर आहे. सुरुवातीच्या ५००० गुणांतले काही पिस्तूल किंवा रायफलवर घातले की नेम लवकर स्थिरावतो. न्यूयॉर्कच्या क्षितिजावर जुळे मनोरे दिसत नाहीत, तेही रेंडररचं काम नाही. २००० साली गेम आला तेव्हापासूनच ते नाहीत, टेक्श्चरची मेमरी वाचवताना गळाले असं बनवणाऱ्यांनी सांगितलेलं आहे.

आवाज करकरत असेल तर

संवाद तुटत नाहीत पण आवाज खरखरतो, असं असेल तर मात्र गॅलेक्सी.गॅलेक्सीऑडिओसबसिस्टिम विभागात जा. यूज३डीहार्डवेअर फॉल्स करा. साउंड कार्डावरचा तो थ्रीडी मार्ग विंडोज व्हिस्टापासून बंदच झाला आहे. लेटन्सी ४० असते, ती थोडी वाढवून बघा. फार वाढवली तर गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो.

तरीही जमत नसेल तर

सेव्ह फोल्डर बाहेर काढून ठेवा, व्हर्च्युअलस्टोअर आणि डॉक्युमेंट्समधली गेमची फोल्डरं नावं बदलून बाजूला करा, मग गेम नव्याने टाका. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने ही दोन फोल्डरं जात नाहीत, आणि तीच बिघडलेली आयएनआय नव्या गेमला पुन्हा चिकटते. मॉड न टाकता, फक्त फ्रेम मर्यादा लावून पॉलशी धक्क्यावरचं बोलणं पूर्ण ऐका. ते ठीक असेल तर रेंडरर टाका, पुन्हा तेच बोलणं ऐका. मग लाँचर, मग मॉड. कुठल्या पायरीला वाक्य तुटलं ते कळलं की मदत मागताना डेउसएक्स.लॉगच्या शेवटच्या पंधरा-वीस ओळी, मॉनिटरचा हर्ट्झ, रेंडररचं नाव आणि टाइमडेमोने मॅन्डरलीच्या ऑफिसात दाखवलेला आकडा द्या.